पाऊण तासावरचं रिसॉर्ट

लोणावळ्याजवळ घर असणं ही शिक्षा आहे, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. "तुमचं काय बाबा, वर्षभर महाबळेश्वरात राहिल्यासारखं," असं म्हणत ते आमच्या तळेगावच्या घरात शिरतात आणि पहिल्यांदा बाथरूम कुठे आहे ते विचारतात.

पावसाळ्याचे तीन महिने माझं घर माझं नसतं. जाताना चहा-पोहे, येताना कपडे बदलणं, असा नेम ठरून गेलाय. लोणावळ्याच्या धरणाच्या पायऱ्यांवर बसून यथेच्छ भिजायचं, कणसं खायची, फोटो काढायचे आणि थंडी वाजायला लागली की म्हणायचं, "चला, वहिनीकडे जाऊ." मग वहिनीच्या बाल्कनीत ओल्या जीन्सच्या रांगा, बाथरूममध्ये चिखल, आणि दाराच्या फटीतून आवाज, "वहिनी, एखादा कोरडा टॉवेल मिळेल?" माझ्याकडे एके काळी बावीस टॉवेल होते. संसाराला कुणाला लागतात बावीस टॉवेल?

बरं, येणारी माणसं वाईट असती तर तोंडावर काही बोलता तरी आलं असतं. सगळी प्रेमाची. जाताना माझ्या पिठल्याचं कौतुक करतात, पुढच्या वेळी कोण कोण येणार ते सांगतात आणि निघून जातात.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. टाकव्याच्या शाळेत मुलांना बेरजा शिकवण्यात आणि इंद्रायणी भाताच्या लावणीच्या दिवसांत वर्गात मुलं शोधण्यात माझी नोकरी गेली. वाटलं होतं, आता जरा बसू. पण निवृत्त बाई म्हणजे रिकामी बाई, असा सगळ्यांनी परस्पर ठराव करून टाकला. "आता काय, तुला वेळच वेळ!" आधी रविवारी यायचे, ते आता मंगळवारी यायला लागले. माझ्या हातात घरी उलथनं आणि शाळेत खडू, एवढाच काय तो फरक होता, त्यातला खडू गेला.

या ऑगस्टात एक दिवस सकाळी सहा जणांचा चहा गाळताना माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला म्हटलं, "मला दोन दिवस हवेत. त्या दोन दिवसांत मला कुणी काही मागायचं नाही. चहा नाही, टॉवेल नाही, आज काय करायचं हा प्रश्न नाही. मी लोणावळ्याच्या वरच्या त्या मोठ्या रिसॉर्टात जाऊन राहणार. माझ्या पैशांनी."

नवरा चाळीस वर्षं कारखान्यात होता, शेवटची दहा सुपरवायझर म्हणून. रिसॉर्टचा दर ऐकून तो आधी हसला, मग त्याने पुन्हा विचारला, मग तो खुर्चीत बसला. माझा पहिल्या वर्षाचा सगळा पगार एका रात्रीत संपावा, असा तो आकडा होता हे मलाही कळत होतं.

"अगं, लोक मुंबईहून येतात तिथे. आपण पाऊण तासावरून जायचं? गच्चीवरून जो डोंगर दिसतो तोच डोंगर."

"दुसरी बाजू दिसेल."

"डोंगराच्या दुसऱ्या बाजूला एवढे पैसे? त्यात असं काय आहे?"

ते शोधायला मी चार रात्री मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत बसले. एकाने लिहिलं होतं, स्वर्ग. दुसऱ्याने लिहिलं होतं, इडली गार. एका बाईला उशी फार मऊ वाटली होती आणि तिने त्यावर दोन परिच्छेद खर्ची घातले होते. ते वाचून मला तिचा हेवाच वाटला. उशीबद्दल एवढा विचार करायला सवड लागते. बंगळूरच्या मुलीने फोनवर सांगितलं, एवढ्या पैशांत कूर्गला जाऊन या. पण कूर्गला जायचं म्हणजे बॅगा भरायच्या, डबे करायचे, गाड्या पकडायच्या. मला जायचं नव्हतंच कुठे. मला फक्त घरी असायचं नव्हतं. शेवटी बुधवार-गुरुवारचा दर कमी आहे असं दिसलं आणि मी खोली ठरवून टाकली.

पहिला अपमान फाटकावर झाला. पहारेकऱ्याने गाडीखाली आरसा फिरवला, डिकी उघडायला लावली, यादीत नाव शोधलं, आत फोन केला. नवऱ्याचा जन्म वराळ्याचा. आपल्याच तालुक्यात आपल्याला कुणी अडवतंय हे त्याला सहन होईना.

"अरे, आम्ही इथलेच आहोत."

"म्या बी हितलाच हाय, भाऊ. पर यादीत नाव असल्याबिगर कुणालाच सोडत न्हाई."

आत गेल्यावर स्वागताला कोकम सरबत मिळालं, घोटभर, चिमुकल्या मातीच्या कुल्हडात. स्वागतकक्षात पाटा-वरवंटा मांडून त्यावर फुलं वाहिली होती. भिंतीवर सूप, पायली, रवी टांगलेली. माझ्या सासूबाईंची रवी अजून वराळ्यात रोज ताकात असते, तिला कुणी टांगलं नाही. खोलीत सोळा बटणं होती आणि कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते दोन दिवसांत कळलं नाही. न्हाणीघराला काचेची भिंत. तीस वर्षं संसार केलेल्या माणसांना एकमेकांना अंघोळ करताना बघायचं असतं, असं ज्या कुणाला वाटलं त्याला मला एकदा भेटायचंय. वेगळे पैसे भरून मागवायच्या पदार्थांत 'मावळी पिठलं-भाकरी' होतं आणि पुढचा आकडा वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हिशेबाने नवऱ्याच्या नातेवाइकांनी आजवर मला एक बंगला बांधून द्यायला हवा होता.

पण खरा वैताग रिसॉर्टचा नव्हताच. वैताग बरोबर आणला होता.

खोलीच्या दरात काय काय समाविष्ट आहे त्याचा एक कागद टेबलावर होता. नवऱ्याने तो हातात घेतला, खिशातलं पेन काढलं आणि सबंध मुक्काम कारखान्यातली यंत्रं तपासावीत तसा तो एकेका ओळीपुढे खूण करत सुटला. नाश्ता, खूण. सायंकाळचा चहा, खूण. कुंभारकाम, खूण, त्याने एक वाकडं भांडं केलं. तिरंदाजी पावसामुळे बंद म्हटल्यावर त्याने व्यवस्थापकाकडे, बदल्यात काय देता, अशी विचारणा केली. पोहायच्या तलावावर त्याला त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उतरू देईनात, तर तो काठावर पाय सोडून अर्धा तास बसला आणि आल्यावर म्हणाला, "अर्धी खूण."

गुरुवारी सकाळी सहाला मी गाढ झोपेत असताना त्याने मला हलवलं.

"ऊठ. नेचर वॉक आहे."

"मला नको."

"अगं, समाविष्ट आहे!"

मी उठले. का उठले? कारण मला हाक मारली की मी उठते. इतकी वर्षं तेच केलंय, अंगाला दुसरं काही ठाऊकच नाही. मग पावसात, रिसॉर्टची छत्री धरून, तासभर आम्ही चिखल तुडवला. रानवाटा दाखवणारा मुलगा परराज्यातला होता. त्याने एका झाडापुढे थांबून त्याचं नाव ऐन म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, किंजळ आहे. मग तिथून पुढे झाडांची नावं नवराच सांगत गेला आणि तो मुलगा वहीत लिहून घेत राहिला. म्हणजे पैसे आम्ही भरले आणि शिकवणीही आम्हीच घेतली. माझे गुडघे ठणकत होते. मी मनातल्या मनात त्याला, रिसॉर्टला आणि स्वतःला अशा तिघांना शिव्या घातल्या. घरी असते तर निदान सातपर्यंत झोपले असते.

परत आल्यावर तो नाश्त्याला गेला. नाश्ता दहापर्यंत चालतो म्हणून तो दहापर्यंत खाणार होता. मी खोलीत एकटी. आणि मी काय करावं? अंथरूण आवरलं. चादर ताणून चारी कोपरे खोचले. चहाचे कप विसळून पालथे घातले. टॉवेल घट्ट पिळून काचेच्या भिंतीवर वाळत घातले. मग दार वाजलं आणि साफसफाईची बाई आत आली, पस्तिशीची असेल, युनिफॉर्ममध्ये. तिने पलंगाकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"अवो बाई, तुमी? म्या टाकव्याची. तुमच्या वर्गात व्हते की चौथीला."

मला नाव आठवलं नाही, पण डोळे ओळखीचे वाटले. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"बाई, ही चादर तुमी घातली?"

"अगं, सवय."

"सवय काय सवय! सुपरवायझर आला तर म्हणल, हिनं कामच केलं न्हाई. अन् टॉवेल कशापायी वाळत घातले? ते वापरले की खाली टाकायचे. खाली पडलेले दिसले की मगच आमी नवे देतो."

मी ओशाळून एक टॉवेल भिंतीवरून काढून जमिनीवर टाकला. स्वच्छ फरशीवर, मुद्दाम. ती हसायला लागली आणि मग मलाही हसू आवरेना.

"एवढं पैसं भरून आलाय, अन् कामं घरचीच करताय. बसा गप."

सगळी नोकरी मी मुलांना जे सांगितलं ते मला परत मिळालं. ती चादर नव्याने घालत होती. मी दुसऱ्या बाजूने टोक धरायला गेले, तर तिने नुसतं बघितलं. मी खाली बसले. मग तिला विचारलं, पावसाळ्यात तुझ्याकडेही पाहुणे येतात का?

"येत्यात की. धरण बघाया. सासरची, माहेरची, गाडी भरून."

"मग तू काय करतेस?"

"ड्युटी हाय म्हनून सांगती."

"आणि ड्युटी नसली तर?"

"तरी बी ड्युटी हायच म्हनती," ती उशीला अभ्रा चढवत म्हणाली. "न्हाईतर कवा बसायचं माणसानं?"

ती गेल्यावर मी दाराबाहेर 'त्रास देऊ नये'ची पाटी लावली आणि झोपले. अकराला झोपले ती साडेतीनला उठले. जेवण बुडालं. नवरा हाका मारून कंटाळून एकटाच जेवून आला होता आणि माझ्या वाटणीचं समाविष्ट जेवण वाया गेलं म्हणून तोंड पाडून बाल्कनीत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. समोर तोच डोंगर, धुक्यात. पण माझ्या डोक्यात चाललेली ती कायमची यादी, दूध किती आहे, डाळ भिजत घालायची राहिली, कोण येणार, ती थांबली होती. किती वर्षांनी थांबली होती ते मला आठवेना. मी म्हणाले, "छान आहे हो इथे." आणि मला ते खरंच वाटत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझी नणंद. पुण्याहून.

"दादा, उद्या सुट्टी आहे, शनिवार-रविवार जोडून. आम्ही येतोय. आठ जण आहोत, मुलाचे मित्रपण आहेत."

आणि माझा नवरा, माझ्या शेजारी बसून, माझ्याकडे बघत, म्हणाला, "या की!"

त्याने फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तोंडातून निघालं ते असं, "अगं, उद्या अकराला आपण निघतोच आहोत. बारापर्यंत घरी. साधाच बेत कर."

मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले. शेजारच्या बाल्कनीतल्या मुलीने मोबाइल खाली ठेवून आमच्याकडे बघितलं, इतक्या मोठ्याने. मी म्हटलं, "मी दोन दिवस विकत घेतले होते. विकत! तुम्ही त्यातली सकाळ त्या खुणांच्या कागदाला दिली आणि संध्याकाळ बहिणीला दिली. माझ्याकडे काय उरलं?" तो म्हणाला, घरच्या माणसांना नाही कसं म्हणायचं? आणि खोटं कशाला बोलू, मलाही कधी म्हणता आलं नव्हतं. नणंदेने माझ्या बाळंतपणात महिनाभर राहून माझी उस्तवार केली होती. त्यांना मी काय तोंडाने नाही म्हणणार होते?

रात्रभर मी कुशी बदलत राहिले. सकाळी साडेआठला उठून एकटीच खाली गेले आणि स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं, आमची खोली अजून एक दिवस मिळेल का? तिने संगणकात बघितलं. पुढचे पाहुणे घाटातल्या गर्दीला घाबरून येत नव्हते. पण दर सुट्टीचा होता, जवळजवळ दीडपट. मी कार्ड पुढे केलं. भीती वाटत होती, रागही होता, आणि हो, आनंदही झाला होता.

नवऱ्याला वाटलं, मी गंमत करतेय. मग कळलं की नाही. त्याने बॅग भरली. मात्र निघताना तो स्वागतकक्षाशी थांबला आणि त्या मुलीला म्हणाला, "आता एकाच माणसाचा दर लावा. नाश्ताही एकच. माझं नाव काढून टाका." तिने काढलं. त्याने ते काढल्याची खात्री करून घेतली, वळून माझ्याकडे जरा घुश्शातच बघितलं आणि पाहुण्यांसाठी तळेगावला गेला.

मी फोन बंद करून ठेवला. दुपारी जेवले, कुणाशी न बोलता, वरण-भात, तूप. खोलीत आले आणि आडवी झाले.

चारच्या सुमाराला खोलीतला फोन वाजला. स्वागतकक्षातली मुलगी होती.

"मॅडम, गेटवर तुमचे पाहुणे आलेत. दोन गाड्या, नऊ जण. सरही आहेत, पण सकाळी त्यांचं नाव काढलं ना, त्यामुळे सिक्युरिटी आत सोडत नाहीये."

मी उठून बसले. झालं होतं ते मला तिने न सांगताच कळलं. घरी चहा-पोहे झाले, मंडळी धरणावर गेली, नवरा बरोबर गेला, भिजली, परतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, आणि थंडी वाजायला लागल्यावर कुणीतरी म्हणालं, चला, वहिनी जवळच आहे.

"सगळे भिजलेत मॅडम. तुमच्या खोलीत फक्त कपडे बदलायचेत म्हणतात, दहा मिनिटं. बाहेरच्या लोकांना माणशी चार्ज लागतो, पण तुम्ही हो म्हणालात तर मी मॅनेजरसरांना विचारते."

खोलीत पलंगाची चादर जराही चुरगळलेली नव्हती, फक्त माझ्या बाजूला मी झोपले होते तेवढी. मला नऊ जणांचे पाय दिसले त्या फरशीवर. दहा मिनिटं कधीच दहा मिनिटं नसतात. आत आल्यावर सगळे म्हणतील, वा, काय खोली आहे, आणि मग चहा मागवायचा की नाही, कोण कुठे बसणार, हे मी बघायला लागेन. माझ्या तोंडात "येऊ द्या" हा शब्द आलेला होता. जिभेवर होता.

"त्यांना सांग, मॅडम झोपल्यात."

"उठवा म्हणाले तर?"

"उठवायचं नाही असं सांगून झोपल्यात म्हणावं. गेटजवळ बाथरूम आहे का?"

"आहे मॅडम, ड्रायव्हर लोकांसाठी. स्वच्छ आहे."

"तिथे कपडे बदलू दे. कोरडे टॉवेल दे, नऊ. आणि चहा पाठव सगळ्यांना, आल्याचा. दोन बिनसाखरेचे. माझ्या बिलात लाव."

मी फोन ठेवला. इथल्या चहाच्या एका कपाच्या पैशांत माझ्या घरी आठवडाभराचा चहा होतो, असे नऊ कप मी एका वाक्यात मागवले होते. फाटकावर नणंद ओल्या ड्रेसमध्ये उभी असेल, हातात माझ्यासाठी आणलेला बाकरवडीचा पुडा असेल, तो त्या कधी विसरत नाहीत. नवरा पहारेकऱ्याला पुन्हा सांगत असेल की आम्ही इथलेच आहोत. त्या माझ्याबद्दल गाडीत काय बोलतील, पुढच्या लग्नकार्यात ते कसं फिरेल, सगळं मला स्पष्ट दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि मी उठले नाही.